वेताळाला रद्दीत घालू नका

महोदय,
मराठवाड्यातल्या वाचनालयांच्या जुन्या कपाटांत वेताळ, मँड्रेक किंवा बहादूर या चित्रकथा-नायकांचा अंक सापडला, तर कृपया रद्दीत देऊ नका! त्यांच्या गोष्टी छापणारी इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघाली. आबिद सुरतींच्या बहादूरसाठी गोविंद ब्राह्मणियांनी काढलेली चित्रे तर बघतच राहावीत.

या अंकांचा खरा शत्रू म्हणजे पाने जोडणारी गंजलेली पिन. मधले पान उघडून तिचे पाय बोथट चाकूने सरळ करा, पाठीकडून हलकेच ओढा, त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवा. चिकटपट्टी अजिबात नको. तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशनही नको. पत्र्याखालच्या खोलीत आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा स्वस्त कागद तडकतो. मागे पुठ्ठा लावून, भिंतीपासून चार बोटे दूर, सावलीत ठेवा.

— एक कॉमिक्सप्रेमी, परभणी