क्लब उघडला, खिडकी मात्र रंगवून बंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमचा क्लब पुन्हा सुरू झाल्याची बातमी फोटोसह आली. फोटोत अध्यक्ष फीत कापताहेत, कमिटी टाळ्या वाजवते आहे आणि मागे पत्त्यांच्या हॉलच्या नव्याने रंगवलेल्या खिडक्या चकाकताहेत. त्यातली उजवीकडून तिसरी खिडकी आता तशी राहिलेली नाही. तिचा रंग मी खरवडला. त्याबद्दल ‘क्लबच्या मालमत्तेचे नुकसान’ या कलमाखाली मला नोटीस आली असून सात दिवसांत लेखी खुलासा मागितला आहे. खुलासा लिहायला बसलो आणि तो लांबला. कमिटीला आधी दोन पत्रं पाठवली होती, त्यांची पोचसुद्धा मिळाली नाही. म्हणून हे तिसरं आपल्याकडे धाडतो, प्रत त्यांना. क्लबचं नाव घालत नाही. बातमी वाचलेल्यांना ते कळेल, बाकीच्यांना कळायची गरज नाही.

माझं वय ७२. इमारतींच्या हवा-पाण्याच्या कामात चाळीस वर्षं काढली. दुसऱ्यांच्या गच्च्यांवर, तळघरांत आणि खोट्या छतांच्या वर सरपटत. क्लबचा सभासद होऊन २६ वर्षं झाली. पोहत नाही, टेनिस कधीच जमलं नाही. आठवड्यातून तीन दिवस पत्त्यांतला ब्रिज, एवढाच माझा क्लब.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक महासाथ जाहीर केली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या फाटकाला कुलूप लागलं. मग दीडेक वर्ष सगळा खेळ संगणकावर. पत्ते पिसायला नकोत, गुण मांडायला नकोत, आणि चुकीची बोली दिली तर भिडूचा चेहराही दिसत नाही. शेवटची गोष्ट सोडली तर त्यात मजा नव्हती. त्यामुळे ‘प्रिय सभासद, आपले पुन्हा स्वागत’ असं पत्र आलं तेव्हा मी पाकीट फोडून तसाच उभा राहून ते दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

तेच पत्र माझ्या भिडूच्या घरीही गेलं. एकोणीस वर्षं तो माझ्या समोरच्या खुर्चीत बसला आणि क्लब बंद असतानाच्या काळातच गेला. वहिनींनी क्लबला तसं कळवलं होतं, सभासदपत्र आणि लॉकरची किल्लीही परत केली होती. तरी पत्र त्याच्याच नावानं, ‘आपण परत येत आहात याचा आम्हाला मनस्वी आनंद होत आहे.’ वहिनींचा फोन आला. ‘भाऊजी, ह्याचं काय करू?’ मला काही सुचलं नाही. ‘द्या माझ्याकडे’ म्हणालो. ते अजून माझ्या खणात आहे.

उघडण्याच्या दिवशी मी सकाळीच हजर होतो. हॉलबाहेरच्या फलकावर मार्च २०२० च्या स्पर्धेची यादी तशीच टाचलेली. सोळा नावं. त्यातली तीन माणसं आता नाहीत. त्या यादीशेजारी मात्र कोरा करकरीत, चकचकीत कागद, नव्या नियमांचा.

नियम असे. दाराशी हातांना सॅनिटायझर. वाचनालयात वर्तमानपत्रं बंद, कारण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातात. (संपादक महोदय, याचं आपल्याला माझ्याहून जास्त वाईट वाटेल.) पत्त्यांचा जोड दर डावानंतर पुसायचा. बिलियर्ड्सच्या क्यू आपापल्या आणायच्या. दर सोमवारी सर्व दालनांत जंतुनाशकाचा धूर. हवेबद्दल एक ओळ नाही. होय, एक होती: ‘वातानुकूलन यंत्रणा सुरू असताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात.’

सुरुवातीला सगळं जगच पुसत बसलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही भाजी साबणाने धुतली आहे. खुद्द जागतिक आरोग्य संघटनाच मार्च २०२० च्या अखेरीस ठासून सांगत होती की हा आजार हवेतून पसरत नाही. पण जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी मिळून आवाज उठवला की हवेकडे लक्ष द्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये लिहून टाकलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०,००० त एकाहूनही कमी. आणि घरात-दालनांत जंतुनाशक फवारत बसू नका, हे तर जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सांगून टाकलं होतं. आमच्या कमिटीचा धूर अजून चालू आहे. धूर दिसतो, हे त्याचं बलस्थान. सोमवारी त्याचा फोटोही सभासदांना मोबाइलवर येतो.

ज्यांना हवेचं म्हणणं पटत नाही त्यांना मी एक प्रसंग सांगतो. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, एका हौशी गायकवृंदाची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसं. दाराशी सॅनिटायझर होता. त्यातल्या एकाला लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत खात्रीचे आणि संभाव्य मिळून आणखी ५२ जण आजारी पडले, दोघं दगावले. आम्ही ब्रिजवाले गात नाही, पण डाव संपल्यावर कोणी काय चुकलं यावर जी चर्चा होते ती गाण्याहून फारशी हळू नसते.

आमच्या हॉलमध्ये सहा टेबलं लागतात, म्हणजे २४ माणसं. बहुतेक साठीच्या पुढची. वर भिंतीवर चार स्प्लिट एसी. आता हे मी किती लोकांना समजावलं असेल याची गणती नाही, पण पुन्हा सांगतो: साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत तुमच्याच अंगावर सोडतो. बाहेर जे यंत्र घरघरतं ते फक्त उष्णता बाहेर टाकतं. दारं-खिडक्या लावून घेतल्या की तीन तास आपण एकमेकांचाच श्वास घेत बसतो, गार करून.

हे नुसतं म्हणायचं नाही म्हणून मी कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मीटर खिशातून नेलं. बाहेरच्या हवेत हे प्रमाण साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतं. आपल्या उच्छ्वासात जवळपास ४०,०००. म्हणजे बंद खोलीत आकडा चढला की समजावं, लोकांनी सोडलेली हवा साठते आहे. हॉल रिकामा असताना माझ्या मीटरवर ४६० होते. तीन तासांच्या खेळानंतर १,९००. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्च २०२१ च्या मार्गदर्शिकेत अशा ठिकाणी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मागितली आहे. तेवढी मिळाली तर आकडा हजाराच्या अलीकडेच थांबायला हवा. १,९०० चा हिशेब केला तर माणशी साडेतीन लिटर भरतात, आणि तेही दरवाजा अधूनमधून उघडत होता म्हणून. हा हिशेब मी कागदावर मांडून कमिटीला दिला. ते माझं पहिलं पत्र.

दुसरं पत्र पाण्याचं.

पुरुषांच्या कपडे बदलण्याच्या खोलीमागे सहा शॉवर आहेत. दीड वर्ष ते कुणी उघडले नव्हते. उघडण्याच्या दिवशी मी बाहेर उभा राहून, तोंडावर रुमाल धरून, हात लांब करून शेवटचा नळ सोडला. आधी नुसता फुस्स आवाज, मग तपकिरी चिळकांडी, मग गंजाचा वास, आणि चारेक मिनिटांनी पाणी स्वच्छ. स्वच्छ दिसलं एवढंच. व्यवस्थापक म्हणाले, ‘साहेब, टाकी धुऊन घेतली आहे, प्रमाणपत्र आहे.’ टाकी आणि पाइप यांत फरक आहे हो. साचून राहिलेल्या कोमट पाण्यात, विशेषतः जिथून पाणी पुढे जातच नाही अशा आंधळ्या फाट्यांत, लिजिओनेला नावाचा जिवाणू मजेत वाढतो. ते पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही. शॉवरचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. पन्नाशीच्या पुढचे आणि धूम्रपान करणारे यांना धोका जास्त, म्हणजे आमची अर्धी सभासदयादी.

या जिवाणूचं नाव कसं पडलं ते कमिटीने वाचावं. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. जुने दोस्त, गप्पा, भेटीगाठी. २२१ जण आजारी पडले, ३४ गेले, आणि कशाने ते सहा महिने कुणाला कळेना. जानेवारी १९७७ मध्ये जिवाणू सापडला तेव्हा त्याला त्या सभासदांचंच नाव मिळालं. आपल्या संस्थेचं नाव अजरामर करायचे याहून बरे मार्ग असतील.

उपाय अवघड नाही. उघडण्याआधी प्रत्येक नळ, प्रत्येक शॉवर भरपूर सोडून पाइपातलं जुनं पाणी काढून टाकायचं, गरम पाण्याच्या टाकीत तापमान ६० अंशांवर ठेवायचं, शॉवरच्या चाळण्या काढून घासायच्या, आणि जो शॉवर वापरात नाही तोही आठवड्यातून एकदा सोडायचा. शक्य असेल तर पाण्याची तपासणी. दोन माणसांचं दोन दिवसांचं काम. त्याऐवजी शॉवरच्या खोलीत नवे आरसे लागले आहेत. तलावाबद्दल मी बोलत नाही, तिथे गाळणी आणि क्लोरीन पाहणारा माणूस जाणकार आहे आणि तो माझ्यासारखाच कुरकुरतो.

आता खिडकी.

आमचा हॉल एसीच्या आधीचा आहे. समोरासमोर उंच, दोन पल्ल्यांच्या खिडक्या. बांधणाऱ्याला वारा कळत होता. ब्रिजमध्ये बोली ठरली की एका भिडूचे तेराही पत्ते टेबलावर उघडे पडतात आणि त्या डावापुरता तो मोकळा. त्याला डमी म्हणतात. आमच्याकडे जुना रिवाज होता की डमीने उठायचं, पाय मोकळे करायचे आणि जाता जाता खिडकी उघडायची. माझा भिडू यात वस्ताद. पत्ते मांडायचा, ‘खेळ तू, मी वाऱ्याचं बघतो’ म्हणायचा आणि त्या तिसऱ्या खिडकीशी जाऊन उभा राहायचा. तिची कडी जरा वर उचलून मग ओढावी लागते. ही युक्ती त्याला आणि हॉलमधल्या जुन्या सेवकाला ठाऊक होती. त्या सेवकाला बंदच्या काळात कमी केलं. वर्गणी चालू, माणूस बंद.

क्लब आणि खिडकी यांचं नातं तसं जुनं आहे. लंडनचा व्हाइट्स हा क्लब १६९३ पासूनचा. त्याच्या दर्शनी बाकदार खिडकीत बसायला मिळणं म्हणजे मोठा मान. त्या काचेवरून ओघळणाऱ्या दोन पावसाच्या थेंबांपैकी आधी खाली कोणता पोचेल यावर तिथल्या उमरावांनी जबर पैज लावल्याची गोष्ट सांगतात. निरुद्योगी माणसांनी एकत्र बसून वेळ घालवायची जागा, तीच ही. त्यासाठी निदान श्वास तरी घेता आला पाहिजे.

गेल्या गुरुवारी मी डमी होतो. नव्या भिडूसमोर, भला माणूस आहे, पत्ते मांडले आणि सवयीने उठलो. कडी वर उचलली, ओढली, निघाली. पल्ला हलेना. जोर लावला तरी नाही. चष्मा सरकवून पाहिलं तर पल्ला आणि चौकट यांच्यावरून एकच सलग रंग फिरवलेला. फट होती तिथे रंगाचा जाड ओघळ वाळून बसलेला, त्यात ब्रशचा एक केसही अडकला होता. पुढची खिडकी तशीच. त्याच्या पुढची तशीच. उद्घाटनासाठी रंगवताना आठच्या आठ खिडक्या चिकटवून टाकल्या होत्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण कुणी उघडून पाहिलीच नव्हती.

खिशात लॉकरची किल्ली होती. ती मी फटीवरून वरपासून खालपर्यंत फिरवली. रंगाच्या साली पडल्या, थोडं लाकूडही गेलं असेल. मग तळहाताने खालच्या कोपऱ्यात एक दणका. पल्ला वीतभर उघडला आणि वारा आला तो थेट टेबलावर. माझी चौकटची राणी उडून खाली पडली. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी हसलं. वीस मिनिटांत मीटर १,७०० वरून १,२०० वर आलं. एक खिडकी, वीतभर. नंतर नवा सेवक धावत आला, ‘साहेब, एसी चालू आहे,’ म्हणाला आणि खिडकी लावून गेला. त्याची चूक नाही, त्याला कागदावरचा नियम पाळायचा आहे.

तर खुलासा असा. रंग मी खरवडला, किल्लीने, भर दुपारी, २३ साक्षीदारांसमोर. दुरुस्तीचा खर्च माझ्या खात्यावर टाकावा. उरलेल्या सात खिडक्यांचा रंग क्लबने स्वतः, सुताराकडून, नीट सोडवून घ्यावा. तो खर्चही अर्धा मी देईन. शॉवरचं काम होईपर्यंत ती खोली बंद ठेवावी. सभासदयादी एकदा कुणीतरी बसून वाचावी, आणि वहिनींना कमिटीने प्रत्यक्ष जाऊन भेटावं, पत्र नको. पुढच्या गुरुवारी मी चारच्या खेळाला येणार आहे. मीटर सोबत असेल. किल्लीही.

आपला,
एक जुना सभासद
(कमिटीला नाव माहीत आहे, कृपया छापू नये)