मिगेलची बाजू तारखांसकट वाचावी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पोर्तुगालच्या पेद्रू आणि मिगेल या भावांच्या गादीच्या वादावर आपल्याकडे लिहिलं जातं, तेव्हा पेद्रू उदारमतवादी आणि मिगेल गादी बळकावणारा, एवढ्यावर विषय आटोपतो. रविवारच्या लेखातही तेच झालं. मिगेलची बाजू लेखणीने लढवणारा जुझे द गामा इ काश्त्रू त्यात कुठेच नाही.

मिगेल पक्षाचा दावा असा: १८२२ मध्ये ब्राझील वेगळा झाला, पेद्रू तिथला सम्राट झाला, तिथेच त्याचा पोर्तुगालवरचा हक्क संपला. म्हणून १० मार्च १८२६ रोजी या दोघांचा बाप, राजा जुआंव सहावा वारला, तेव्हा वारस मिगेलच. मग पेद्रूने २९ एप्रिलला दिलेली सनद, म्हणजे राज्यघटना, आणि २ मे रोजी सात वर्षांच्या मुलीसाठी, मारियासाठी, सोडलेली गादी, दोन्ही मुळातच रद्द. जो राजाच नव्हता तो सोडणार काय? मिगेलला राजा ठरवणारा ११ जुलै १८२८ चा तीन वर्गांच्या (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य प्रजा) सभेचा निर्णय याच युक्तिवादावर उभा आहे.

या युक्तिवादातला कच्चा दुवा लामेगू या पोर्तुगीज गावाचा. परक्या राजाला वगळणारा कायदा तिथल्या सभेने बाराव्या शतकात केला, असं सांगत. पण ती संहिता छापून आली १६३२ मध्ये, पोर्तुगाल स्पेनच्या राजाखाली असताना, आणि ती बनावट आहे. १६४१ च्या सभेने परका राजा नको अशी मागणी केली, ती मात्र खरी. तरीही १५ नोव्हेंबर १८२५ च्या कायद्यात खुद्द बापाने पेद्रूला ब्राझीलचा सम्राट आणि पोर्तुगालचा युवराज म्हटलं आहे. शिवाय ४ ऑक्टोबर १८२६ ला व्हिएन्नात मिगेलने त्याच सनदेची शपथ घेतली. या दोन कागदांपुढे मिगेलची बाजू लंगडी पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

गामा इ काश्त्रू पेशाने डॉक्टर. मिगेल पक्षाच्या १८३४ च्या पराभवानंतर तो परागंदा झाला. ब्राझीलमधल्या रिओत १८४१ साली त्याने ‘ऊ नोव्हू प्रिंसिप’ म्हणजे ‘नवा राजा’ छापलं. त्याचा राजा मनमानी करणारा नाही, जुन्या कायद्यांनी बांधलेला आहे. आदल्याच वर्षी रिओत अमेरिकेच्या राज्यघटनेची बाजू मांडणाऱ्या ‘फेडरलिस्ट’ या लेखसंग्रहाचं पोर्तुगीज भाषांतर निघालं, तेही त्याचंच मानलं जातं. अशा माणसाला जुलमाचा भाट ठरवणं अन्यायाचं आहे.

गोव्याचा धागा इथेच जुळतो. जिंकलेल्या पेद्रू पक्षाने नेमलेले गोव्याचे गोमंतकीय प्रिफेक्ट, म्हणजे प्रमुख प्रशासक, बेर्नार्दू पेरेस द सिल्वा यांना जानेवारी १८३५ मध्ये सूत्रं घेतल्यावर काही आठवड्यांतच बंडाने हटवलं. पुढचा लेख त्यांच्यावर असेल, तर १८२५ ते १८३५ च्या तारखांची चौकट सोबत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, फोंडा