फॉर्मवर मी फिटचं लिहिलंय, बाबा

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "फिटचं लिहू नको, कोण बघायला बसलंय?" एजंटही तेच म्हणत होता. पण मला फिटचा त्रास आहे हे मी विम्याच्या फॉर्मवर लिहिलंय. फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून हे पत्र.

हा विमा चिनूसाठी आणि तुम्हा दोघांसाठी आहे. मी लपवलं आणि तीन वर्षांच्या आत माझं काही बरंवाईट झालं, तर कंपनी जुने कागद उकरून पैसे नाकारू शकते. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणं तीन वर्षं उलटली की पॉलिसीला हात लावता येत नाही. एजंट म्हणतो, "तेवढी काढा." तेवढी तीन वर्षं देवावर सोडून मी झोपू कशी? फॉर्म मी त्याच्या हातानं भरूच दिला नाही. पॉलिसी आली की सोबतची फॉर्मची प्रत बघणार. काही चुकलं असेल तर 30 दिवसांत परत करता येते.

एका कंपनीनं सरळ नाही म्हटलं. त्या संध्याकाळी रंकाळ्यावर बसून रडले, तुम्हाला सांगितलं नव्हतं. दुसरीनं मात्र नीट विचारलं: फिट कसली, शेवटची कधी, झोपेत येते की जागेपणी, गोळ्या चुकतात का. ईईजी, एमआरआय हे मेंदूच्या तपासण्यांचे रिपोर्ट मागितले. सहा वर्षांत फिट नाही, हे माझ्या बाजूचं. हप्ता इतरांपेक्षा जास्त बसेल, तो भरेन. सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढाच आधार.

आई, मला बघायला आले होते तेव्हा मावशी तुला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होती. तू पोह्यांची बशी खाली ठेवलीस आणि सासूबाईंना म्हणालीस, "पोरीला फिट येते. गोळ्या चालू आहेत. पुढं कळण्यापेक्षा आत्ता कळू दे." माझे हात थरथरत होते. त्याच घरात मी आज सुखानं नांदतेय.

आता एक काम. कंपनीला पहिल्यापासूनचा इतिहास हवाय. ट्रंकेच्या तळाला निळ्या पिशवीत माझं दवाखान्याचं पहिलं कार्ड आहे. बाबा, त्याच्या मागं तुम्ही प्रत्येक फिटची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवलीय. मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत ती दिसतच नाही. गारगोटीहून कुणी येणार असेल तर मूळ कार्डच द्या, आणि दुमडू नका, अक्षर आधीच पुसट झालंय.

तुमची,
माई