हिशेबाच्या प्रती आणि उघडे पासवर्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले, तेव्हा पेठांतल्या कित्येक दुकानांचे संगणक तळमजल्यावरच होते. त्यानंतर माझ्या माहितीतल्या काही अडत दुकानांनी आणि पतसंस्थांनी रोजच्या हिशेबाची प्रत रात्री आपोआप वरच्या मजल्यावरच्या संगणकावर जाईल अशी सोय करून घेतली. सोय चांगलीच आहे. ती बसवण्याची रीत मात्र चिंतेची आहे.

प्रत ज्या फोल्डरमध्ये जायची तो पासवर्डने बंद असतो आणि रात्री पासवर्ड टाकायला तिथे कोणी नसते, म्हणून बसवणारा तंत्रज्ञ बॅच फाइलमध्ये (संगणकाने ओळीने पाळायच्या आज्ञांच्या साध्या फाइलमध्ये) नेटवर्कवरचा फोल्डर जोडणाऱ्या ‘नेट यूज’ या आज्ञेपुढे नाव आणि पासवर्ड उघड लिहून मोकळा होतो. मी पूर्वी काम करीत असलेल्या एका ठिकाणी तर तो ॲडमिनिस्ट्रेटरचा, म्हणजे संगणकावर सर्वाधिकार असलेल्या खात्याचाच पासवर्ड होता आणि ती फाइल डेस्कटॉपवर होती. मार्चअखेरीस वरच्या संगणकाचा पासवर्ड बदलला, फाइलमध्ये जुनाच राहिला आणि तीन आठवडे एकही प्रत गेली नाही. रोज रात्री पडद्यावर त्या फाइलची काळी खिडकी उघडून मिटत होती, म्हणून काम झाले असे सर्वांनी धरले. यावर उपाय म्हणून फोल्डर सर्वांना खुला करण्यात आला. हे तर अधिकच वाईट, कारण रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) ज्या संगणकात शिरते, तिथून लिहिता येणारे नेटवर्कवरचे फोल्डरही ते निकामी करते.

वास्तविक दोन्ही संगणकांवर एकाच नावाचे व पासवर्डचे साधे खाते काढून, वरच्या संगणकावर त्याला त्या एका फोल्डरपुरतीच परवानगी द्यावी आणि टास्क शेड्युलरमधले (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतले) काम त्याच खात्याखाली चालवावे. मग पासवर्ड विंडोज सांभाळते, फाइलमध्ये तो लिहावा लागत नाही. मात्र पासवर्ड साठवू नये असा पर्याय तिथे निवडला, तर त्या कामाला नेटवर्कवर जाता येत नाही. वरच्या फोल्डरला जोडलेला, दिवसा दिसणारा ‘झेड’ ड्राइव्हही रात्रीच्या कामाला दिसेलच असे नाही, म्हणून संगणकाच्या नावासह पूर्ण मार्ग लिहावा. फायलींची प्रत काढणारी विंडोजची ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा वापरत असल्यास तिचा परतीचा आकडा (काम संपल्यावर ती निकाल म्हणून देते तो) ८ किंवा त्याहून मोठा आला की काही फायली गेल्या नाहीत असे समजावे आणि तो आकडा रोजच्या नोंदीत उतरवावा.

बिल चुकते करण्यापूर्वी मालकांनी तंत्रज्ञाला त्या प्रतीतून एक जुनी फाइल परत आणून दाखवायला सांगावे, एवढीच विनंती.

आपला,
एक हिशेबनीस, सांगली