वॉशिंग्टन यांनी ‘सर्व’ गुलाम मुक्त केले नव्हते

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरील लेख वाचला. लेख देखणा आहे, छायाचित्रही पाऊण पानाचे आहे. मात्र ‘मृत्युपत्राद्वारे त्यांनी आपल्या सर्व सेवकांना मुक्त केले’ हे त्यातले वाक्य मी चष्मा पुसून दोनदा वाचले. चाळीस वर्षे दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून मृत्युपत्रे आणि वाटणीपत्रे लिहिलेल्या माणसाला ‘सर्व’ या शब्दाचा धसका असतो. ‘सर्व मिळकत’ असे लिहून मोकळे झालेल्या दस्तांवरच पुढे पंधरा-पंधरा वर्षे दावे चालतात.

वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात वारले. त्या वर्षीच्या यादीप्रमाणे व्हर्जिनियातल्या माउंट व्हर्नन या त्यांच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, १५३ कस्टिस इस्टेटीचे आणि बाकीचे भाड्याने आणलेले. मृत्युपत्र लागू होते ते पहिल्या १२३ जणांना. वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्थाबाई यांचे पहिले पती डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करताच वारले, तेव्हा कायद्याने विधवेला एक तृतीयांश वाटा मिळाला, पण तो केवळ हयातीपुरता. उपभोग घ्यावा, विकू नये, कुणाला देऊन टाकू नये. पश्चात ती मिळकत मूळ मालकाच्या वारसांकडे जावी. राहते घर आणि विहिरीकडचे रान यांबाबत असे कलम मी शेकडो वेळा लिहिले आहे. व्हर्जिनियाने १७०५ च्या कायद्याने गुलामांना स्थावर मिळकत ठरवले होते, त्यामुळे जमिनीला लागणारा वारशाचा नियम माणसांनाही लागू झाला. त्या १५३ जणांना मुक्त करण्याचा अधिकार ना वॉशिंग्टन यांना होता, ना मार्थाबाईंना. हे तुमच्या लेखकमहाशयांनी एखाद्या वकिलाला विचारले असते, तरी त्याने चहा पिता पिता सांगितले असते.

खरी मेख पुढे आहे, आणि ती मला एका म्हशीमुळे कळली. १९८६ साली मी एका कुटुंबाचे वाटणीपत्र लिहिले. घर थोरल्याला, रान धाकट्याला आणि म्हैस आईला तिच्या हयातीपर्यंत, पश्चात दोघा भावांत समसमान. चूक माझी, म्हैस गाभण आहे का, हे मी विचारले नाही आणि होणाऱ्या पिलांबद्दल दस्तात चकार शब्द लिहिला नाही. पुढच्या सहा वर्षांत तिला तीन पारड्या झाल्या. म्हातारी गेल्यावर धाकटा म्हणू लागला, की रेडा माझा, वैरण माझी, तेव्हा पारड्याही माझ्या. पंचांनी विडी विझायच्या आत निकाल दिला, की रेडा कोणाचा हे कोणी विचारत नाही, पारडी म्हशीमागे जाते. त्या दिवसापासून जनावराच्या नोंदीपुढे ‘होणाऱ्या पिलांसह’ हे शब्द घालायला मी कधी चुकलो नाही.

व्हर्जिनियात हाच निकाल १६६२ च्या कायद्याने माणसांना लावला गेला. मूल आईमागे जाईल; बाप कोणाचा गुलाम आहे, किंवा बाप खुद्द मालकच आहे का, हा प्रश्नच नाही. तिकडच्या मळेवाल्यांच्या मृत्युपत्रांत गुलाम बाईच्या नावापुढे ‘व तिची पुढील वाढ’ असा मजकूर सर्रास आढळतो. माउंट व्हर्ननवर आयझॅक नावाचा सुतार होता, तो वॉशिंग्टन यांचा. दूधदुभत्याचे काम पाहणारी त्याची बायको किटी ही कस्टिस इस्टेटीची, म्हणून त्यांच्या मुलीही इस्टेटीच्या. मृत्युपत्राने आयझॅकची सुटका झाली, किटी आणि मुली जिथल्या तिथे राहिल्या. तुमच्या लेखकाने आयझॅक तेवढा मोजला.

आणि ही सुटकाही तत्काळ नव्हती. अशी जोडपी एकमेकांपासून तुटतील हे ओळखून वॉशिंग्टन यांनी आपल्या माणसांची मुक्तता पत्नीच्या मृत्यूनंतर व्हावी, असे लिहून ठेवले. म्हणजे शंभरावर माणसांचे स्वातंत्र्य एका वृद्ध बाईच्या श्वासावर टांगले आणि त्याच माणसांच्या हातचे तिने जेवायचे. माझ्याकडे असे कलम लिहायला कोणी आले असते, तर मी बाईंना आधी मुक्काम हलवायचा सल्ला दिला असता. तिथे भेटीला गेलेल्या, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी अबिगेल ॲडम्स यांनी १८०० च्या डिसेंबरात, मार्थाबाईंना आपला जीव सुरक्षित वाटत नसल्याचे पत्रात लिहिले आहे. १ जानेवारी १८०१ रोजी बाईंनी पतीच्या गुलामांना मुक्त करून टाकले. पतीच्या इच्छेला दिलेला मान म्हणून आपल्या लेखात या प्रसंगाचा गौरव आहे, त्यावर मी अधिक बोलत नाही.

१८०२ च्या मे महिन्यात मार्थाबाई वारल्या आणि इस्टेटीची माणसे चार नातवंडांत वाटली गेली. एलिश नावाचा एक गुलाम मात्र बाईंच्या स्वतःच्या मालकीचा होता. त्याला मुक्त करायला कोणताही कायदा आड येत नव्हता. तो त्यांनी मृत्युपत्राने नातवाला दिला. ओना जज ही इस्टेटीची दासी थोरल्या नातीला द्यायचे ठरले होते. ती १७९६ मध्येच फिलाडेल्फियातून पळाली आणि वॉशिंग्टन यांनी प्रयत्न करूनही हाती लागली नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये तिने संसार केला, तरी १८४८ साली मरेपर्यंत कागदोपत्री ती कस्टिस इस्टेटीची वस्तू होती. तिकडे झालेली तिची मुलेसुद्धा, कारण पारडी म्हशीमागे जाते.

राहिला ‘सेवक’ हा शब्द. सेवकाला पगार असतो आणि तो नोकरी सोडू शकतो. सेवक कोणाच्या वाट्याला येत नाही. आपल्या संपादकीय विभागात असे सेवक असतील, त्यांनाच विचारून पाहावे.

कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती लोकांना दिसेल अशी छापावी. मागच्या वर्षी मी स्टँप ड्युटीच्या दरातली चूक कळवली होती, तिची दुरुस्ती आपण अकराव्या पानावर, नगरपालिकेच्या निविदांच्या खाली, भिंग लागेल अशा टायपात छापलीत. तोवर गावातल्या दोघांनी जुन्या दराने स्टँप घेतले होते आणि ते भांडायला माझ्याकडे आले.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक, जि. सातारा