चिंतामणराव, आईच्या वतीने आभार

आदरणीय चिंतामणराव देशमुख यांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मी रोहे तालुक्यातली, म्हणजे तुमच्याच मुलखातली, एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तुम्ही १९८२ च्या २ ऑक्टोबरला गेलात, त्याला आता चार दशकं उलटून गेली. तरीही हे पत्र तुमच्याच नावाने लिहायचं, असं ठरवलं. आमच्या आईला तुमचे आभार मानायचे होते. तिला लिहिता येत नव्हतं, मला येतं. आणि तुम्हाला लिहिलेलं चारचौघांनी वाचावं, असंही वाटतं. हल्ली तुमचं नाव निघालं की 'रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर' एवढ्यावरच बोलणं संपतं.

आमचे वडील परळला गिरणीत, सांचेखात्यात (मागांच्या खात्यात) होते. आई गावी शेती बघायची. १९५३ साली चाळीत येणाऱ्या एका एजंटाच्या सांगण्यावरून वडिलांनी दोन हजारांचा विमा उतरवला. कंपनी खासगी होती, तेव्हा सगळ्याच खासगी असायच्या. हप्ता भरताना वडिलांची ओढाताण व्हायची, पण एकही हप्ता चुकला नाही, असं आई सांगायची. १९६१ साली वडील क्षयाने गेले. आईला कंपनीचं नावसुद्धा नीट घेता येत नव्हतं. ट्रंकेतला पॉलिसीचा कागद घेऊन ती माझ्या मामाबरोबर मुंबईला गेली, तेव्हा तिला कळलं की ती कंपनी आता उरलेलीच नाही. तिचा जीव तिथेच खाली बसला. मग समोरच्या कारकुनाने समजावलं, "बाई, कंपनी नाही, पण तुमचा विमा आहे. आता तो सरकारच्या महामंडळाकडे आहे." दाव्याचे कागद झाले, मृत्यूचा दाखला दिला, अंगठे झाले, आणि बोनससकट पूर्ण रक्कम आईच्या हातात आली. वाण्याची उधारी फिटली. बाकीचे पैसे तिने पोस्टात ठेवले आणि त्यातून मी सातवीच्या पुढे शिकले.

ती कंपनी का नव्हती आणि विमा का होता, याचं उत्तर तेव्हाचे अर्थमंत्री म्हणून तुम्ही आहात, हे मला फार पुढे, शिक्षिका झाल्यावर वाचनातून समजलं. आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आपला रोह्याचाच माणूस!" तुमचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, हे मी तिला सांगितलं, पण घराणं रोह्याचं म्हटल्यावर तिने माझं काही ऐकून घेतलं नाही.

आज विम्याचा विषय निघाला की लोक परताव्याचे आकडे बोलतात, म्हणून त्या काळाबद्दल थोडं लिहिते. विमा उतरवणारा माणूस कंपनीच्या भरवशावर पंधरा-वीस वर्षं पैसे भरत राहायचा, आणि पैसे मिळायची वेळ यायची तेव्हा अनेकदा तो स्वतः हयात नसायचा. भांडायला मागे राहायची ती विधवा आणि पोरं. ज्याची फसवणूक झाली तो तक्रारच करू शकत नाही, असा हा व्यवहार होता. १९५६ च्या आधीच्या दहा वर्षांत पंचवीस विमा कंपन्या दिवाळ्यात निघाल्या आणि आणखी पंचवीस कंपन्यांची अवस्था अशी झाली की त्यांचा धंदा दुसऱ्यांच्या गळ्यात बांधावा लागला, हे तुम्हीच त्या वेळी देशाला सांगितलंत. विमेदारांचे पैसे मालक स्वतःच्या उद्योगांत फिरवायचे. आमच्या वडिलांचे हप्ते सुरक्षित राहतात की नाही, हे सगळं मालकाच्या इमानदारीवर होतं.

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री तुम्ही रेडिओवर बोललात आणि आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत असल्याचं जाहीर केलंत. आधी कुठे वाच्यता नाही, गाजावाजा नाही. वटहुकूम काढला गेला आणि दुसऱ्या दिवशी सरकारने नेमलेली माणसं देशभरच्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत कारभार हाती घ्यायला हजर झाली. दोन महिने आधी बातमी फुटली असती तर तिजोऱ्यांत काय शिल्लक राहिलं असतं, हे वेगळं सांगायला नको. १५४ भारतीय विमा कंपन्या, १६ परदेशी आणि छोट्या रकमांचे विमे उतरवणाऱ्या ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, एवढ्यांचे हिशोब, मालमत्ता आणि माणसं एका छताखाली आणायची होती. असं काम जोशात येऊन होत नाही. फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचणारा, कायद्यातलं प्रत्येक कलम स्वतः तपासणारा माणूस तिथे बसलेला असावा लागतो. तुम्ही तसे होता.

जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाचा कायदा झाला. त्यातलं ३७ वं कलम मी मुद्दाम शोधून वाचलं. पॉलिसीची रक्कम आणि तिच्यावरचा बोनस यांच्या रोख भरपाईची हमी केंद्र सरकारची, असं ते सांगतं. मामाबरोबर मुंबईला गेलेल्या माझ्या आईच्या पाठीशी हे कलम होतं. तिला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. कायदा असाच असायला हवा. १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ सुरू झालं, तेव्हा मात्र तुम्ही अर्थमंत्री राहिला नव्हता. पुढच्याच वर्षी महामंडळाचे पैसे चुकीच्या ठिकाणी गुंतवल्याचं मुंदडा प्रकरण निघालं, न्यायमूर्ती छागलांनी चौकशी केली, आणि तुमच्या जागी आलेल्या अर्थमंत्र्यांना पद सोडावं लागलं. अशा गोष्टी झाल्या, हे मी लपवत नाही. पण त्या काळातही विमेदाराची हमी जागची हलली नाही.

आता तुम्ही पद का सोडलंत, त्याबद्दल. माझ्या दृष्टीने हे आभार विम्याच्या आभारांइतकेच मोठे आहेत.

ज्या आठवड्यात तुम्ही रेडिओवरून विम्याबद्दल बोललात, त्याच आठवड्यात मुंबईत गोळ्या चालत होत्या. १६ जानेवारीला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील, असं जाहीर केलं आणि गिरणगाव रस्त्यावर आलं. आमचे वडील त्या दिवसांत परळलाच होते. गावी बातमी आली की लालबाग-परळकडे गोळीबार झाला. आईने दोन दिवस चूल पेटवली नाही. वडील सुखरूप होते. शेजारच्या चाळीतला एक तरुण मात्र परत आला नाही.

नोकरशाहीत मुरलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसणं सोपं असतं. तुमची उमेदीची सगळी वर्षं सरकारी शिस्तीत गेलेली. मॅट्रिकला पहिले, संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास, १९१८ च्या आयसीएस (इंग्रजांच्या काळातली वरिष्ठ सनदी सेवा) परीक्षेत पहिला क्रमांक. मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वीसेक वर्षं, पुढे रिझर्व्ह बँक, ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे गव्हर्नर, १९४४ ला जागतिक बँक आणि नाणेनिधीचा पाया घालणाऱ्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत, आणि फाळणीनंतर काही काळ एकाच बँकेतून दोन देशांचं चलन सांभाळण्याची कसरत. १९५० पासून अर्थमंत्री. १९५२ च्या निवडणुकीत आमच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यानेच तुम्हाला लोकसभेत पाठवलं. तुमच्याच मंत्रिपदाच्या काळात, १ जुलै १९५५ ला, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचं बंधन तिच्यावर आलं. लहान गावांत बँक पोचली ती त्यामुळे. एवढं सगळं हातात असताना खुर्ची सोडायला माणूस शंभर कारणं शोधून टाळतो.

तुम्ही राजीनामा आधीच देऊ केला होता. अर्थसंकल्प आणि विम्याचा कायदा मार्गी लागल्यावर जुलैत तो पक्का केलात. २५ जुलै १९५६ ला लोकसभेत तुम्ही केलेलं निवेदन मी अनेकदा वाचलं आहे. आवाज चढवून बोललेलं त्यात काही नाही. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येता घेतला गेला, ही तुमची पहिली हरकत. लोकांवर झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हायला हवी, ही दुसरी. नेहरूंनी तुमचं म्हणणं मान्य केलं नाही, हेही नोंदवायला हवं. पण मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. मराठी म्हणून तुमचं मन दुखावलं होतंच, तरी तुम्ही बोट ठेवलंत ते कारभाराच्या पद्धतीवर. निर्णय कुणी घेतला, कुठल्या बैठकीत घेतला, माणसं मेली तर चौकशी का नाही? हे प्रश्न कुणाही भाषेच्या, कुणाही प्रांताच्या माणसाला विचारता येतात. म्हणूनच ते आजही शिळे झालेले नाहीत. त्या शेजारच्या चाळीतल्या तरुणासाठी दिल्लीत कुणीतरी हे विचारलं, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. मुंबईसह महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० ला, हजारो लोकांच्या लढ्यातून. त्यात तुमच्या राजीनाम्याचा वाटा होता, आणि आमच्या घरात तो कायम मानला गेला.

तुमच्या तरुणपणीची एक हकिकत मी शाळेत मुलांना आवर्जून सांगायची. आयसीएस झाल्यावर तुम्ही लंडनमध्ये लोकमान्य टिळकांना भेटलात. इंग्रजांची चाकरी धरावी की देशकार्यात उतरावं, असा पेच तुमच्यापुढे होता. टिळकांनी तुम्हाला नोकरी करा, असंच सुचवलं. देश स्वतंत्र होईल तेव्हा कारभार जाणणारी आपली माणसं लागतील, हे त्यांचं म्हणणं. ज्या माणसाला इंग्रज सरकारने मंडालेला सहा वर्षं डांबलं, त्याने असा सल्ला द्यावा आणि तुम्ही तो मानावा, हे मुलांना आधी पटायचं नाही. एका मुलाने विचारलं होतं, "बाई, मग ते इंग्रजांच्या बाजूने झाले ना?" मी त्याला १९५६ चं वर्ष सांगितलं. शिकलेला कारभार ज्या दिवशी स्वतःच्या माणसांसाठी वापरायचा होता, तो वापरला, आणि ज्या दिवशी तो आपल्या माणसांविरुद्ध वापरला जातोय असं दिसलं, त्या दिवशी उठून आलात.

पुढेही तुम्ही रिकामे बसला नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटर. १९५९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दुर्गाबाईंशी १९५३ साली तुमचं लग्न झालं. संविधान सभेतल्या त्या मोजक्या स्त्रियांपैकी एक, आणि कामात तुमच्या तोडीस तोड. तुम्हा दोघांबद्दल स्वतंत्र पत्र लिहावं लागेल. कालिदासाचं मेघदूत तुम्ही मराठी पद्यात आणलंत, ही गोष्ट मात्र मला फार आवडते. दिवसभर चलनवाढ आणि कर्जरोखे बघणाऱ्या माणसाला संध्याकाळी अलकानगरीच्या वाटेवर जावंसं वाटायचं. असे अधिकारी आम्हाला मिळाले होते.

माझा एक माजी विद्यार्थी ठाण्याला महापालिकेच्या चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. त्याला मी ३७ वं कलम आणि तुमचं लोकसभेतलं निवेदन, दोन्ही एकत्र वाचायला दिली आहेत. सरकारी नोकरी म्हणजे एकीकडे असं एक ओळीचं कलम लिहिणं, ज्याच्यामुळे अंगठा लावणाऱ्या बाईचे पैसे बुडत नाहीत. दुसरीकडे, आपल्या सहीशिवाय काहीतरी चुकीचं रेटलं जात असेल तर तिथून उठणं. दोन्ही करता आलं तरच परीक्षेचा फॉर्म भर, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने फॉर्म भरला आहे.

येत्या १४ जानेवारीला तुमची जयंती, आणि दिवस संक्रांतीचेच. गावातल्या वाचनालयात मी आणि दोन-तीन बायका मिळून मुलांना तुमच्याबद्दल सांगणार आहोत. तिळगूळ असेलच. आईची पॉलिसी रद्द होऊन जमा झाली, पण पैसे मिळाल्याचं महामंडळाचं पत्र तिने शेवटपर्यंत जपलं होतं. ते मी तिथे मुलांना दाखवणार आहे, म्हणजे कायद्याचं कलम घरापर्यंत पोचतं म्हणजे काय, ते त्यांना कळेल.

चिंतामणराव, माझ्या आईचे, वडिलांचे आणि माझे मनापासून आभार.

आपली,
रोहे तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका