काउंटरपलीकडच्या सरांना

आदरणीय सर,

सा. न.

तुम्हाला तोंडावर 'आभार' म्हटलं की तुम्ही चष्मा पुसायला घेता आणि विषय बदलता. मागच्या खेपेला तर शेंगाचटणीची बरणी परत पाठवलीत, 'मीठ जास्त आहे, मला बीपी आहे' म्हणून. (मीठ जास्त नव्हतं.) म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तेवढं पथ्य पाळते. आपल्या ओळखीतले ओळखतील, बाकीच्यांना एवढंच पुरे की तुम्ही मेडिकल कॉलेजात जन्मभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलंत, देव मानत नाही, आणि एका देवभोळ्या कॅशियर बाईला अध्यात्मावर चारचौघांत बोलायला तुम्हीच शिकवलंत.

आधी माझी चूक सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नोटाबंदीनंतरच्या मार्चमध्ये आमच्या बँकेने कर्मचाऱ्यांसाठी ताणतणावावर शिबिर ठेवलं होतं. ते दोन-तीन महिने काउंटरवर कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. रोज सकाळी शटर वर जायच्या आधीच रांग कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत गेलेली असायची. त्या काळात मला तारलं ते पहाटेच्या जपाने. आम्ही लिंगायत. आमची आज्जी गिरणीच्या भोंग्याआधी उठून डाव्या तळहातावर इष्टलिंग (अंगावर बाळगायचं छोटं लिंग) घेऊन बसायची, नजर त्यावर, ओठ हलताहेत, पण आवाज नाही. तीच सवय मला लागलेली. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, 'तुम्ही एवढ्या शांत कशा?' आणि मला माइकपुढे उभं केलं.

मी काय काय बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. मंत्राच्या व्हायब्रेशनने पेशी जाग्या होतात म्हणाले. पॉझिटिव्ह एनर्जीने साखर उतरते, बीपी जातो म्हणाले. व्हॉट्सअॅपवर आलेलं सगळं त्या वीस मिनिटांत ओतलं. टाळ्या मिळाल्या. आमच्या शाखेतल्या दफ्तरीमामांनी ते मनावर घेतलं आणि रक्तदाबाची गोळी बंद करून जप सुरू केला. पाच आठवड्यांनी स्ट्राँगरूमच्या दाराशी भोवळ येऊन खाली बसले. दवाखान्यात वरचा आकडा २१० निघाला. वाचले. मला एक शब्द बोलले नाहीत, उलट 'मॅडम, माझाच भाव कमी पडला असेल' म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी तोंड शिवून घेतलं. जप चालू होता, पण लपूनछपून. ऑफिसात कुणी विचारलं तर 'काही नाही हो, जरा चालायला जाते' म्हणायची. देवाधर्माचं चारचौघांत काढलं की एक तर लोक हात जोडतात, नाही तर हसतात. मला दोन्ही नको होतं.

आणि मग एका नोव्हेंबरात तुम्ही हयातीचा दाखला द्यायला आलात. मशीन बंद पडलं होतं, मी हाताने नोटा मोजत होते. तुम्ही काचेपलीकडून विचारलंत, "मॅडम, नोटा मोजताय की नाम? ओठ नोटांपेक्षा सावकाश चाललेत." सहा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते तुमच्या आलं. मी गडबडले. तुम्ही म्हणालात, "सकाळी तळ्यावर येतो मी. या एकदा. बघू दे मोजून."

सिद्धेश्वर तळ्याचा तो कट्टा. तुम्ही रोज तिथपर्यंत चालत येता आणि देवळाच्या पायऱ्यांपासून परत फिरता. का, असं विचारल्यावर म्हणालात, "माझी हद्द इथपर्यंत. पुढची तुमची." त्या दिवशी तुम्ही माझा हात घेऊन मलाच माझी नाडी धरायला लावलीत. श्वास आत घेताना नाडी जराशी पळते, सोडताना रेंगाळते. पंचावन्न वर्षं हा हात माझा होता आणि मला हे ठाऊक नव्हतं! मग तुमच्या मनगटी घड्याळावर मी 'ॐ नमः शिवाय' पुटपुटत बसले. पहिल्या मिनिटाला सात श्वास, दुसऱ्याला सहा. एरवी माणूस मिनिटाला बारा ते वीस घेतो.

मग तुम्ही इटलीतल्या पाव्हियाच्या डॉ. बर्नार्डींची गोष्ट सांगितलीत. २३ निरोगी माणसं, २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेला प्रयोग. त्यांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. मानेतल्या मोठ्या धमनीत दाब ओळखणाऱ्या जागा असतात. दाब वाढला की त्या मेंदूला वर्दी देतात आणि मेंदू हृदयाला सावकाश घ्यायला सांगतो. या संथ लयीत ती यंत्रणा जास्त तरतरीत होते, कारण रक्तदाबाची स्वतःचीही साधारण दहा सेकंदांची एक लाट असते आणि सहा श्वासांची लय तिच्याशी जुळते. झोपाळा मागे आला की नेमकं त्याच वेळी ढकलावं, तसं.

मी खूश होऊन म्हटलं, "बघा, मंत्राची शक्ती!" तुम्ही चष्मा पुसलात. "एक मंत्र बौद्धांचा, एक प्रार्थना कॅथलिकांची. तुमचं नमः शिवाय त्या प्रयोगात नव्हतंच. आणि माणसं तेवीस." मी खट्टू झाले तर म्हणालात, "खट्टू कशाला होता? श्वास तर तुमचाच आहे की."

पण तुमचं खरं देणं पुढे आहे. मला पुन्हा बोलावंसं वाटतंय हे तुम्ही ओळखलंत आणि एक दिवस पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपा मागितल्यात. "तुम्ही गड्ड्या कशा लावता? पाचशेच्या वेगळ्या, शंभराच्या वेगळ्या, फाटक्या वेगळ्या. तशी तुमची वाक्यं लावा." मागच्या भाषणातलं एकेक वाक्य मी एकेका स्लिपेमागे लिहिलं. 'जपाने मला झोप लागते', हे माझ्या अनुभवाच्या गड्डीत गेलं. 'संथ जपाने श्वास सहावर येतो', हे मोजलेल्याच्या गड्डीत. व्हायब्रेशन, पेशी, एनर्जी, साखर उतरते, हे सगळं फाटक्यांत. फाटक्यांची गड्डी सगळ्यांत जाड झाली. तुम्ही हसला नाहीत, हे तुमचे उपकार. उलट गंभीरपणे सांगितलंत की बीपी आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोण्यासारख्या उपायांच्या कायद्याने बंदी आहे, आणि माझं भाषण जाहिरात नसली तरी भाषा तीच होती.

मग आली अमेरिकेतल्या परिचारिकांची आकडेवारी, २०१६ साली छापलेली. ७४,५३४ बायका, सोळा वर्षांचा पाठपुरावा. आठवड्यातून एकाहून जास्त वेळा प्रार्थनेला जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी. मी ती स्लिप मोजलेल्यांत टाकणार तोच तुम्ही हात धरलात. "ही नोट उजेडासमोर धरून बघा. ज्यांचे गुडघे धड, त्याच बायका देवळाची पायरी चढतात. म्हणजे देवळामुळे गुडघे धड, की गुडघ्यांमुळे देऊळ?" संशोधकांनी आधीच्या तब्येतीचा हिशेब घातला होता हेही तुम्हीच सांगितलंत. तरी 'दोन्ही सोबत दिसतात' एवढंच म्हणायचं, 'यामुळे ते झालं' म्हणायचं नाही, असं बजावलंत.

सगळ्यात जड गेली ती बायपासवाली स्लिप. २००६ चा अभ्यास, १८०२ रुग्ण. त्यांतल्या काहींसाठी परक्या माणसांनी प्रार्थना केली. काही फरक पडला नाही. ज्यांना आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालली आहे हे माहीत होतं त्यांच्यात तर गुंतागुंत थोडी जास्तच निघाली, ५९ टक्के जणांत. हा अभ्यास करणारे डॉ. बेन्सन म्हणजे ध्यानाने शरीर निवांत होतं हे सत्तरच्या दशकात हार्वर्डमधून मांडणारा माणूस. मी म्हटलं, "सर, हे मी कशाला सांगू? आपल्याच पायावर धोंडा." तुम्ही म्हणालात, "हे सांगितलंत तरच बाकीचं कुणी ऐकेल." मी दोन दिवस तुमच्यावर रागावले होते. तुम्हाला बहुतेक कळलंही नसेल.

गेल्या महिन्यात बँकेने पुन्हा शिबिर ठेवलं. तोच हॉल, तोच घरघरणारा पंखा. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून हृदयरोगतज्ज्ञ, मागे स्टाफ साठेक जण, आणि एका बाजूला दफ्तरीमामा, आता निवृत्त, मुद्दाम बोलावलेले.

माइक हातात घेतला तेव्हा मागच्या वेळसारखा आवाज चढवला नाही. पहिलं वाक्य होतं, "मी रोज जप करते आणि रोज रक्तदाबाची गोळीही घेते." हॉलमध्ये कुजबूज झाली. मग मामांकडे बघून मागच्या भाषणाची माफी मागितली, सगळ्यांसमोर. कागद थरथरत होता, सर, पण वाक्य पुरं केलं. मामांनी खिशातनं गोळ्यांचं पाकीट काढून वर धरलं आणि ओरडले, "चालू हाय की!" एवढा हशा झाला की मला पाणी प्यायला वेळ मिळाला.

पुढे नाडी धरायचा खेळ सगळ्यांना करायला लावला. साठ माणसं आपापलं मनगट धरून गप्प. कर्जविभागातला तो टिंगलखोर पोरगाही. बायपासचा अभ्यास सांगितला तेव्हा डॉक्टरसाहेब पुढे सरकून बसले. तुमचं म्हणणं तिथे मला पटलं. नंतर त्यांनीच भर घातली की अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१७ मध्ये ध्यानाबद्दल असंच जपून लिहिलंय, उपचारांच्या जोडीला करायला हरकत नाही, उपचारांच्या जागी नाही.

प्रश्न दोनच आले. एका सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, मी मुसलमान. माझं काय?" मी म्हटलं, "त्या प्रयोगात तुमचंही नव्हतं आणि माझंही नव्हतं. तुमच्या घरी जे संथ म्हटलं जातं ते म्हणा, श्वास मोजा आणि मला सांगा." दुसरा प्रश्न त्या टिंगलखोराचा. "देव आहे का, ते सांगा की आधी!" पूर्वी मी दहा मिनिटं वाद घातला असता, नाही तर रडले असते. म्हटलं, "ते माझ्या घरच्या देव्हाऱ्यातलं आहे, ये कधी चहाला. इथे मी तुझ्या श्वासाचं बोलतेय." लपवावं असं काही उरलंच नव्हतं, म्हणून घाम फुटला नाही.

एक मात्र तुमच्या गड्ड्यांत बसलं नाही, ते इथे लिहिते. आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, जिला गड्डा म्हणतात, नंदीध्वजाच्या उंच काठ्या रस्त्याने येतात, 'हर्र बोला हर्र'चा गजर उठतो, तेव्हा माझा श्वास सहाही नसतो आणि बाराही नसतो. कधी तरी धरलेलाच राहतो. ही स्लिप मी माझ्यापाशी ठेवली आहे. तुम्ही यंदा गॅलरीतून बघत होतात, मी खालून पाहिलं तुम्हाला. चष्मा पुसत होतात.

आता मुलाने तुम्हाला फोनवरून हयातीचा दाखला भरायला शिकवलंय असं कळलं. सोय झाली, चांगलं आहे. पण तुमचं पासबुक मार्चपासून भरलेलं नाही, आणि ते फोनवर भरता येत नाही. बुधवारी गर्दी कमी असते. बिनमिठाची चटणी करून ठेवली आहे, सहन करा.

आपली,
तीन नंबर खिडकीवरची कॅशियर
सोलापूर